आधी कान तापतात

दातांच्या दवाखान्यात कंपाउंडरने शिवणकामवाल्या काकूंना आत बोलावलं. त्या उठणार, तोच मागच्या बाकावरच्या बहीण-भावाचं बोलणं कानी पडलं आणि त्या बसूनच राहिल्या.

“ताई, ही बाई आपल्यानंतर आली, तरी तिला आधी बोलावलं.”

“शांत बस. तुरुंगातल्या त्या समुपदेशक बाईंनी रागाबद्दल काय शिकवलंय? आधी काय होतं?”

“कान तापतात.”

“मग?”

“वाटतं, आपल्याला कुणी मोजतच नाही. मग हात उठतो.”

“त्या माणसाचा जबडा फोडलास, तेव्हाही हेच वाटलं ना? रांगेत घुसला म्हणून?”

“त्याची आई आजारी होती गं. मला ते कोर्टात कळलं.”

“आणि या बाईंबद्दल काय ठाऊक आहे तुला?”

“काहीच नाही.”

“मग विचार त्यांना. पण नीट.”

बाक करकरला.

“काकू, दात फार ठणकतोय का?”

‘हो’ म्हटलं असतं तर सुटल्या असत्या. पण घाबरून त्या खरं तेच बोलून गेल्या.

“नाही हो. कंपाउंडर माझा भाचा आहे. तुम्ही जा आधी.”

त्याचे कान लालबुंद झाले.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “माझा हात धरून ठेव.”