मामाचा ग्लोव्ह

अरे, सोसायटीच्या क्रिकेटमध्ये मी वीस वर्षं विकेटकीपर, त्यामुळे माज होताच. बोरिवलीत भाचीच्या बेसबॉल टीमला एक जण कमी पडला, तर मी किटमधला सगळ्यात गुबगुबीत ग्लोव्ह चढवून थेट सेकंड बेसजवळ उभा. बॉल आला, झकास पकडला. पण बाहेर निघेचना! पिशवीत किल्ली शोधावी तसा मी चाचपतोय, तोवर समोरची पोरगी रन काढून मोकळी.

भाची ओरडली, "मामा, तो कॅचरचा आहे, बॅटरमागे बसून जोराचे बॉल झेलायला! इथे छोटा, उथळ लागतो, बॉल पटकन काढून फेकायला. लांबडा असतो तो पार मागच्यांना, धावत जाऊन गाठायला."

"मग मी कुठला घालू?"

तिने लांबडा दिला आणि मैदानामागच्या नॅशनल पार्कच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथे बॉल येत नाही. बिबट्या आला तर पकडून ठेव. सोडणं तुला तसंही जमत नाही."