टेपर

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या अंजनाबाई राजारामपुरीतल्या दवाखान्यात नंबर लावून बसल्या होत्या. पुढच्या बाकावर लेथवर काम करणारा दस्तगीर शेजारी बसलेल्या बिद्रीच्या शेतकऱ्याला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवत होता. कान मिटता आले असते तर बाईंनी ते मिटले असते.

"पावणं, ह्यो शब्द टेपर. ठावं हाय काय?"

"पोरं घालत्यात ती खाली निमुळती पँट, त्यो टेपर न्हवं?"

"त्योच. लेथवर रोज टेपर काढतो मी. म्हणून कुणाला इचारलं न्हाय. डॉक्टर म्हणालं, अम्माला आठ गोळ्या, टेपर करा."

"म्हंजे रोज एक कमी?"

"तुमास्नी शेतात राबून बी कळतंय! आमी टेपर बारीक तोंडाकडनं मोजतो. पयल्या दिवशी एक दिली, दुसऱ्या दिवशी दोन."

"उलटं झालं की वो!"

"तिचा दमा पयल्याच दिवशी आठ मागत हुता. म्हणायची, एका गोळीनं काय हुतंय रं? मी म्हणायचो, जरा दम खा अम्मा, वाढत जाणार हाय."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी तीन गोळ्या घिऊन उठवाय गेलो. अंग गार पडलं हुतं."

"आरं द्येवा... आता डॉक्टरशी भांडाय आलाय व्हय?"

"भांडून काय करू? कुठल्या टोकाकडनं, तेवढं चिठ्ठीत लिवत जावा, म्हणून सांगाय आलोय."