दुर्बिणीतलं गाव

इंडोनेशियातल्या तेर्नाते बेटावर शाळेच्या मैदानात दुर्बिणीतून सूर्यग्रहण बघायला सकाळपासून रांग लागली होती. रांगेत नुरसांतीच्या पुढे रुहाया आपली दुर्बीण बस्री मास्तरांना दाखवत होती.

“दुर्बिणीच्या तोंडाला काळी काच लावली, सूर्य मधोमध आणून त्याच्या मागे फिरायचं बटणही दाबलं. तरी निसटतोच, मास्तर.”

“गाव नि वेळ बरोबर घातली तरच ही सूर्यामागे नीट फिरते. यात गाव कुठलं घातलंय? अगं, हे तर तैवानमधलं! घड्याळही तासाभरानं मागे.”

“नवऱ्यानं तिथूनच पाठवली. मासेमारीच्या बोटीवर असतो. ग्रहणाला येतो म्हणाला होता.”

“मग?”

“कप्तान सोडत नाही म्हणे. मास्तर, दोन्ही गावं नाही का राहणार त्यात?”

“एका वेळी एकच गं.”

मागून कुणीतरी ओरडलं, “आटपा की! चंद्र काय तुमच्यासाठी थांबणार आहे?”

“घाला तेर्नाते,” रुहाया म्हणाली.

मास्तरांनी गाव बदललं, वेळ बदलली, सूर्य पुन्हा मधोमध आणला.

“बघ आता. हलतोय?”

“नाही. धरून ठेवलाय.”

नुरसांतीची पाळी आली, तरी रुहाया दुर्बिणीपासून हटेना. नुरसांतीनं मागच्यांना हातानंच थोपवलं.

“मास्तर,” दुर्बिणीला डोळा लावूनच रुहाया म्हणाली, “संध्याकाळी परत तैवानमधलं गाव घालून द्याल ना?”