अ अनुजाचा

आदरणीय अध्यक्ष अमरेशराव, पाळकसाहेब, प्रमुख पाहुणे हंबीरराव, सत्कारमूर्ती मल्लव्वा आक्का आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

माझं सगळं पालटलं ते चर्चच्या याच सभागृहात, आक्कांच्या वर्गातल्या विठाबाई मला "काढा की नाव फळ्यावर!" म्हणाल्या त्या क्षणी.

कॉलेज मी अर्धवट सोडलेलं. जिच्यावर माझा जीव, त्या अनुजाचं लग्न हातकणंगल्याला ठरलेलं, तेही तिच्या मर्जीनं. मांडवात जाऊन राडा करणार होतो. आक्का माणसाचं ऐकून घेतात, असं कुणीतरी म्हणालं म्हणून आधी इथं आलो. पाळकसाहेब गावाला गेले की रविवारी उपदेश आक्का करतात, दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनाही त्याच करतात. मग मला काय सोडतात? तर म्हणाल्या, "वर्ग चालू हाय. मागं बस. संपला की बोलू."

प्रौढ बायकांचा वर्ग. आक्कांची रीत अशी, की पहिला शब्द शिकणारीनंच निवडायचा. ग म भ न नंतर! आणि बहुतेक जणी काय निवडतात? नवऱ्याचं नाव. जन्मभर तोंडानं न घेतलेलं. विठाबाईंनी 'गुंडू' काढलं आणि पदर तोंडाला लावला. "तोंडानं न्हाय घ्यायचं. हातानं घ्यायला कुणाची बंदी हाय?" मग माझ्याकडं वळल्या. "आनि पावणं, तुमचं थोबाड का उतरलंय? कोण हाय ती? काढा की नाव फळ्यावर!"

काढलं. पण पुसवेना. आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे कोपऱ्यात."

मांडवात मी गेलो नाही. वर्गाला येत राहिलो, पुढं आक्कांच्या हाताखाली शिकवायलाही लागलो. आमच्या बायका अ गिरवतात तो अननसाचा नव्हे, अनुजाचा. हसा, हसा! विठाबाई तर दर शनिवारी चिडवतात, "मास्तर, तिला सांगा, तिच्यामुळं आमी शाण्या झालो."

आता थोडं कडू. अध्यक्ष महोदय, आक्का निवृत्त होतायत, त्यांच्याबरोबर वर्गही बंद, असं काल आपण सांगितलंत. मी घेतो म्हटलं, तर म्हणालात, "कॉलेज सोडलेला पोरगा काय शिकवणार?" बरोबर आहे. पण आक्कांनी इतकी वर्षं आम्हाला जवळ केलं, ते काय सर्टिफिकेट बघून? आज शनिवार, वर्गाचा वार. सभागृहात आपण बसलोय. आणि बायका? बाहेर पायऱ्यांवर, पाट्या मांडीवर घेऊन! आक्कांचा निरोप, आणि निमंत्रण आक्कांच्याच बायकांना नाही?

आक्का, तुम्ही आत्ता मान डोलावलीत, मी पाहिलं. बस्स! वर्ग बंद करायचा ठराव समितीपाशी राहू दे. फळा मी सकाळीच बाहेर नेऊन ठेवलाय. मलकापूरच्या एक नवीन बाई आल्यात, त्यांचे मालक त्र्यंबकराव. पहिलंच अक्षर तीन मजली जोडाक्षर! मोठं काढायला पूर्ण फळा लागणार. कोपरासुद्धा. पुसतो आज.

आक्कांना उदंड आयुष्य लाभो. तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. डोकं तापट आहे. जीभ कुठं घसरली असेल तर घरचं पोर समजून पोटात घाला. टाळ्या खुशाल वाजवा, फक्त जरा हळू. जाताना दार ओढून घेतो.

बाहेर वर्ग चालू आहे.