दोनशे सहा किलो

मंडळी, ऐका! देवाचं नाव घेऊन झालं, आता एक प्रश्न घेऊ. ऐकायला सोपा आहे. आपली चूक कबूल करायला माणसाला बळ लागतं, की असलेलं बळ आधी संपावं लागतं?

बघा, पुढच्या रांगेनं लगेच मान हलवली! कशासाठी हलवली? मी नुसता प्रश्न विचारलाय, उत्तर अजून दिलेलं नाही. मान जरा सांभाळून ठेवा, शेवटी लागेल.

आजच्या आख्यानात राजा नाही, राक्षस नाही, रथसुद्धा नाही. मोटरसायकल आहे. हसा, हसा! पण साधी नव्हे बरं. हजार सीसीची, काळीभोर, पुढं झुकलेली, उडी मारायच्या बेतात असलेल्या जनावरासारखी. वजन दोनशे सहा किलो. म्हणजे आपल्यातली तीन धडधाकट माणसं एकावर एक रचली, तर एवढं होईल!

तिचा मालक श्रीरंग सावर्डेकर. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, कराडजवळच्या एका डेअरीत दूध तपासायला. दुसऱ्याच्या दुधातलं पाणी अर्ध्या मिनिटात सांगायचा. दूधवाले त्याला लांबून बघूनच घसा खाकरायचे! दोन खोल्या, एक खुर्ची, आणि खिडकीतून दिसेल अशी उभी केलेली ही गाडी.

आता गाडीचं सुख ऐका. रविवारी सकाळी हा कुंभार्ली घाट उतरायचा. अशा गाडीला वळणावर हँडलशी झगडायचं नसतं. नजर वळवायची आणि अंग झुकवायचं! जिकडं बघाल तिकडं ती जाते. दरीकडं बघाल, तर दरीकडं जाईल. (आपलंही काही वेगळं नाही म्हणा.) वळणामागून वळण, खाली इंजिनाचा सूर, डोक्यात एकही विचार नाही. तेवढा पाऊण तास श्रीरंग सुखी असायचा. खरंच सुखी.

आणि दुःख? दुःख कराडातच सुरू व्हायचं! सिग्नलला थांबलं की इंजिनाच्या धगीनं मांड्या भाजायच्या. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासायचं, म्हणून हा आपला तिरका तिरका, एखादी गाभण म्हैस हाकल्यासारखा! आणि जिथं थांबेल तिथं माणसं गोळा.

"किती देते हो?"

"सोळा."

"सोळाच?! मग परवडते कशी?"

बस! एवढंच बोलणं. पोरंटोरं गाडीला टेकून फोटो काढायची आणि याला म्हणायची, "काका, जरा बाजूला होता का?" मंडळी, गाडीपाशी सगळे थांबत. त्याच्यापाशी कुणी नाही. मागची सीट तळहाताएवढी. तीसुद्धा दर शनिवारी पुसायचा. तिच्यावर कधी कुणी बसलेलं नव्हतं.

तर हा रविवारी घाट उतरून जायचा कुठं? चिपळूणच्या अलीकडं एक वाडी आहे. रस्ता वर, घरं खाली, मधे चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. त्या पाखाडीच्या तोंडाशी थांबायचा. हेल्मेट काढायचा नाही. इंजिन बंद करायचा नाही. दोन मिनिटं खाली बघायचा आणि गाडी वळवून परत! दर रविवारी. पाच वर्षं.

खाली कोण होतं? सख्खी थोरली बहीण. निर्मलाताई.

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, यांची आई ताईच्या घरी वारली. पहाटे पाचला. सहाला श्रीरंगला फोन. माणसं दुपारी एकपर्यंत थांबली. उन्हाळा! किती थांबणार? शेवटी ताईनंच अग्नी दिला. हा पोचला अडीच वाजता. चारचौघांत ओरडला, "माझी बस बंद पडली होती, ताई! माझी आई होती ती! तुला तेवढंही थांबता आलं नाही?" आणि घरात पाऊल न टाकता माघारी फिरला. त्यानंतर बोलणं नाही. पुढच्या वर्षी गाडी घेतली. बघा हं, ज्या वाटेवर वेळेत पोचला नाही, त्या वाटेवर हा आता सगळ्यांत वेगानं जायला लागला. आणि दारावरून परत फिरायला लागला!

आणि मग तो रविवार आला. सकाळचे अकरा. नेहमीप्रमाणे थांबला, नेहमीप्रमाणे गाडी वळवायला लागला. रस्ता अरुंद, कडेला बारीक खडी. मंडळी, दोन चाकांची गाडी वेगात आहे तोवर आपली आपण तोल धरते. पडते ती थांबताना! याचा पाय खडीवर घसरला. गाडी कलली. एका हद्दीपर्यंत माणूस धरू शकतो, त्याच्यापुढं वजन माणसाचं ऐकत नाही. धाड!

इंजिन बंद केलं. लागलं नव्हतं. हँडलला धरून ओढलं. हलेना. पेट्रोलचा वास. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाली हाक मारायची? तोंड उघडलं, आणि "ताई" हा शब्दच येईना! रोज वापरलेला शब्द, पण सहा वर्षांत गंजला होता.

आणि पाखाडीवर पावलं वाजली.

पदर खोचलेला, हाताला ओलं पीठ, धापा टाकत निर्मलाताई वर आली. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य सांगू?

"लागलं का?"

"नाही."

"हेल्मेट तरी काढ! चंद्रावरून आल्यासारखा उभा आहेस."

"ताई, तुला कसं कळलं..."

"कसं म्हणजे? रविवारचं विमान म्हणते सगळी वाडी तुला! त्या आवाजावर आम्ही कुकर लावतो. आज आवाज आला, थांबला, आणि गेलाच नाही. केवढ्याची आहे ही?"

"दोनशे सहा किलो."

"मी किंमत विचारली होती. राहू दे. गाडीकडं तोंड करून उचलू नकोस, कंबर जाईल. पाठ लाव. भाताचं पोतं उचलतात तशी."

दोघं गाडीला पाठ लावून उकिडवी बसली. दोघांची तोंडं समोरच्या कुंपणाकडं. एकमेकांकडं नाहीत. मंडळी, समोरासमोर जे सहा वर्षांत निघालं नसतं, ते कधी कधी शेजारी शेजारी निघतं! गाडी अर्धी उठली. आणि ताई कुंपणाकडं बघत म्हणाली,

"रंगा, त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. दीड तासाचा तर प्रश्न होता. रोज वाटतं मला. रोज!"

आता सांगा, याला काय हवं होतं? हेच ना! ताईची कबुली मिळाली. गप्प राहायचं, गाडी उचलायची, जिंकून घरी जायचं. पण पाठीवर दोनशे किलो आणि शेजारी ही बाई — रोज स्वतःला शिक्षा देणारी. त्याच्यानं राहवलं नाही.

"ताई, बस बंद पडली नव्हती."

"काय?"

"मी घाटमाथ्यावर उतरलो. टपरीवर बसलो. चार तास. तुम्ही वाट बघत होतात, तेव्हा मी चहा पीत होतो. वाटलं, खाली जात नाही तोवर आई आहे. खाली गेलो की नाही. आणि आल्यावर... कुणावर तरी ओरडायचं होतं."

ताईनं हात सोडले.

गाडी पुन्हा खाली! आरसा फुटला. ताई उठली, पाखाडीच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली, याच्याकडं पाठ करून. हा एकटाच पाठ लावून उचलायला लागला. वीतभर उठली, पडली. पुन्हा. तिसऱ्यांदा जागची हललीच नाही. तसाच रस्त्यावर बसला. मग त्यानं ते विचारलं, जे सहा वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं.

"शेवटी कशी होती गं आई?"

ताईनं हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं. मग म्हणाली, "तुझं नाव नाही घेतलं रे तिनं. उगाच समजूत घालत नाही. पाणी मागितलं. म्हणाली, खिडकी उघड, उजाडलं का बघू. अजून उजाडलं नव्हतं. मी म्हटलं, उजाडतंय. म्हणजे मीही खोटंच बोलले."

आणि ती उठली. येऊन पाठ लावली.

"चल. एक, दोन..."

उठली! गाडी उभी राहिली. हा दोन्ही हातांनी हँडल धरून उभा, आता काय करावं ते कळत नाही.

"मी रागावलेय," ताई म्हणाली. "नीट समजून घे. सहा वर्षं मला फुकट जाळलंस तू."

"हो. मी पुढच्या रविवारी येऊ?"

"पुढचा रविवार कशाला? मी आज जेवतानाही रागावलेलीच असणार आहे. ती राहू दे इथं. पायांनी ये."

आणि ताई खाली उतरायला लागली. चार पायऱ्या उतरून थांबली. मागं बघितलं नाही. फक्त थांबली.

तो गेला, मंडळी.

आता तुमच्याकडं वळते. तुमच्याकडं हजार सीसी नसेल, पण एखाद्या दारावरून नुसतं जाऊन यायची सवय? कुणाच्या तरी लग्नात लांबच्या रांगेत बसणं? फोनवर नाव बघून फोन पालथा ठेवणं? आपण खरे आहोत हे धरून ठेवायला किती जोर लागतो, कधी मोजलाय? आणि तिकडं कुणीतरी तुमच्या खोट्याचं ओझं स्वतःची चूक समजून वाहत असेल! तो जोर आज जरा सोडून बघा. हातातून काहीतरी पडेल. आरसा फुटेल. समोरचं माणूस पाठ फिरवून बसेलही. बसू दे. तेवढं बसायचा हक्क आहे त्याचा.

झांजा थांबू देत, बुवा. आज मोठ्यानं गजर नको. सगळ्यांनी डोळे मिटा. मी देवाचं नाव सांगणार नाही. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, त्याचं नाव आठवा. आलं? हो, तेच. आधी जे आलं तेच! दुसरं शोधू नका.

आता ते मनातल्या मनात एकदा घ्या. हाक मारल्यासारखं.