हातभर अंतरावरचा फोटो

मी मूळचा मंद्रूपचा. वडील बाजाराच्या दिवशी दोरखंडं विकायचे, घासाघीस मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो, अन् तापट डोकंही तिथूनच आलं म्हणा. सोलापुरात एका स्टुडिओत फिल्म धुता धुता कॅमेरा हातात घेतला, आज माझं स्वतःचं दुकान हाय, कुणाच्या उपकाराचं न्हाय.

लोक विचारतात, कॅमेऱ्याला माणसासारखं दिसतं का. पुस्तकात म्हणतात पन्नास मिलिमीटरची लेन्स म्हणजे माणसाचा डोळा. मी म्हणतो, एक डोळा कॅमेऱ्याला लावा, दुसरा उघडा ठेवा अन् झूम फिरवा, माझ्या कॅमेऱ्यात सत्तरच्या आसपास दोन्ही चित्रं एका मापाची होतात. पण चेहरा ठरतो तुम्ही किती लांब उभे राहता त्यावर. जवळ गेलात की नाक पुढं येतं, कान मागं पळतात. डोळ्यालाही तसंच दिसतं की, पण आपलं मन सांभाळून घेतं, कॅमेऱ्याला कुठलं मन.

हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त लागतं.

थोरल्या भावानं वास्तुशांतीला पुण्याहून फोटोवाला आणला. सख्खा भाऊ फोटोवाला असताना. मला नुसतं जेवायला बोलावलं. ते अजून डोक्यातून जात न्हाय, खोटं कशाला बोलू. अन् दिवाळीनंतर त्याची लेक अश्विनी आली, म्हणाली, तात्या, स्थळासाठी फोटो काढा की. एरवी अशा फोटोला मी पोरीला आतल्या भिंतीशी बसवतो अन् स्वतः पार दारात जाऊन पंच्याऐंशीच्या लेन्सनं काढतो. त्या दिवशी उठलोही न्हाय. सकाळच्या ग्रुप फोटोची चोवीसची, सगळ्यांना एका चौकटीत घेणारी रुंद लेन्स तशीच लागलेली होती, तिची खुर्ची पुढं ओढली अन् हातभर अंतरावरून बटन दाबलं. तिनं बघितलं, म्हणाली, तात्या, मी अशी दिसते? अन् मी म्हणालो, कॅमेरा खोटं बोलत न्हाय. काय सांगू तुम्हाला, राग सगळा तिच्या बापावरचा.

तो फोटो तिनं कुणाला दाखवलाच न्हाय. मग एकदा वहिनी भेटल्या, म्हणाल्या, पोर आता बोलताना नाकावर हात धरते, मामेबहिणीच्या साखरपुड्यात फोटोला उभीच राहिली न्हाय.

मागच्या रविवारी मीच जाऊन तिला दुकानात आणलं. भाऊ ओट्यावर बसला होता, त्याच्याशी काही बोललो न्हाय. तीच लेन्स लावून कॅमेरा तिच्या हातात दिला, म्हणालो, हातभर अंतरावरून माझा काढ. काढला. मग म्हणालो, आता लेन्स बदल, दारात जा, तिथून काढ. दोन्ही शेजारी शेजारी लावले. पहिल्यात माझं नाक वांग्याएवढं. ती बघतच राहिली. मी म्हणालो, पोरी, त्या दिवशी तुझा चेहरा वाईट नव्हता, मी उभा चुकीच्या जागी होतो, अन् जाणूनबुजून होतो.

मग म्हणाली, तात्या, हा वांग्याचा मोठा करून रस्त्याकडच्या काचेत लावायचा. मी म्हणालो, आत लावतो, गिऱ्हाईक हसेल. न्हाय म्हणाली, रस्त्याकडंच. आयुष्यभर घासाघीस केली मी, हिच्यापुढं चालली न्हाय.

लावलाय, येताना बघितलाच असेल तुम्ही. लोक हसतात, हसू देत. तिचा नवीन फोटो काढू म्हणालो तर अजून हो म्हणत न्हाय. तिच्या मनाला येईल तेव्हा येईल, सुखी राहावी पोर. तोवर मी हाय दारात उभा.