नाक धरून आलेलं गिऱ्हाईक

हॅलो? … हो, हो, दुकानच. बोला ना … हो, तेच दुकान, मोठ्यांच्या खेळण्यांचं … नाही, भोवरे-बाहुल्या पलीकडच्या दुकानात. फिरणारं आमच्याकडेही मिळतं, पण ते वेगळं …

मालकीणबाई? पार्सलं टाकायला गेल्यात. येतीलच आता … मी? मी इथली सल्लागार … वय कशाला हवंय? बरं, सत्ताविसावं लागलं परवा … आवाज होय? घसा बसलाय हो. तुमचं नाक चोंदलंय ना, तसंच. साथच आहे सध्या.

हं … हं … अहो, ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं, असं कसं चालेल? सावकाश सांगा. मी कुठे पळत नाहीये. थांबा हं, एक मिनिट, जरा पंखा कमी करते.

… शिंपीणबाई, ओ शिंपीणबाई, कात्री ठेवा ती खाली. फोन दाबून धरलाय, तिला ऐकू जायचं नाही. अहो, सूनबाई आहे माझी. नाक धरून बोलतेय … शंकाच नको. लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकतेय, दोनदा घसा खाकरल्याशिवाय हिचं वाक्य सुटत नाही … लेकीशी? कुठे बोलते? भिंगरीने हे दुकान काढलं त्या दिवसापासून तोंड फिरवलंय. ही म्हणाली, लोकांना तोंड कसं दाखवू. तर भिंगरी म्हणाली, तोंड दाखवायला सांगतंय कोण, आपण सगळं साध्या खोक्यातच पाठवतो. झालं. तेव्हापासून आई इथली पायरी चढली नाही, आणि पोरगी दाराची घंटा वाजली की मान वर करून बघते. आज हिला पायरी चढवतेच मी … नाही, मला नाही ओळखलं. ती समजतेय मी वाचनालयात आहे. हसू नका, सुई टोचेल.

हॅलो … हां, झाला पंखा कमी. सांगा … पाळी गेल्यापासून. हं … कोरडं पडतं. दुखतं … आणि मग नकोच वाटतं … आणि मग दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपता. अहो बाई, निम्म्या गावाची तीच गत आहे, फक्त निम्मं गाव फोन करत नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवलंत? … शाबास. काय म्हणाल्या? … क्रीम दिलं, जेल वापरा म्हणाल्या, आणि एखादं छोटं व्हायब्रेटर घेऊन बघा म्हणाल्या. मग बरोबर आहे की. औषधासारखंच ते. लाजता कशाला?

… काय घेतलं होतं? मोबाइलवर बघून? … गुलाबी. मऊ, लिबलिबीत … वास? नव्या रेनकोटसारखा? टाका ते … नाही, धुऊन नाही, टाकाच. वास मारतं, हाताला चिकटतं, ते अंगाला लावायचं नाही. आत काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे, आणि त्याला बारीक छिद्रं असतात, कितीही घासा, घाण आत बसते … खाज आहे अजून? मग आधी डॉक्टरीणबाई, मग आम्ही. खाज थांबल्याशिवाय मी तुम्हाला काही विकणार नाही. दुधाने तोंड पोळलंय ना, आता ताक नीट फुंकून पिऊ.

घ्यायचं ते सिलिकॉनचं. वैद्यकीय सिलिकॉन, वास नाही, चिकट नाही. नाहीतर काच, नाहीतर स्टील … हो, काचेचं असतं. खास जाड काच, पेल्यासारखी नाही. दर वेळी बोट फिरवून बघायचं, कुठे टवका उडालेला असला तर गेलं कचऱ्यात. आमच्या एका गिऱ्हाइकीणबाईने ते चुकून दिवाणखान्यात कपाटावर ठेवलं. नवऱ्याचे साहेब जेवायला आले, त्यांनी हातात घेऊन कौतुक केलं, म्हणाले कुठल्या स्पर्धेत मिळालं? तर नवरा म्हणाला, हिलाच मिळालंय, पहिलं बक्षीस … खरं म्हणजे काय? माझ्यासमोर झालंय. म्हणजे मला ज्यांनी सांगितलं त्यांच्यासमोर.

… तुमच्यासाठी? छोटं घ्या. लिपस्टिकएवढं असतं, बाहेरून लावायचं, आत घालायची गरजच नाही … हो, बाहेरूनच. पुष्कळ जणींना तेच पुरतं, आणि दुखत असताना तर तेच बरं … दांडीवालं? मोठ्या डोक्याचं? ते जोरदार असतं हो. एका बाईंचं कपाटात चालू राहिलं तर सकाळी कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला … बरं, बरं, अर्ध्या खोलीपर्यंत धरा. तुम्ही छोटंच घ्या. आणि सगळ्यात कमी वेगावर सुरू करायचं. पी हळद नि हो गोरी, असं नसतं. बधिर वाटलं की थांबायचं, विश्रांती द्यायची. दुखलं की थांबायचंच. सहन करायचं नाही, ही काही परीक्षा नाही.

जेल पाण्याचं घ्या … म्हणजे पाण्यापासून बनवलेलं. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं जेल लावलं तर वस्तू खराब होते. आणि स्वयंपाकाचं तेल, अंगाला लावायचं तेल, हे तर नकोच. निरोध वापरत असाल तर तेलाने तो फाटतो … हो, आता तुम्हाला काय त्याचं, पण सगळ्यांना सांगते, सवय झालीय. हात राखून लावू नका. पुन्हा पुन्हा लावा.

धुवायचं? अहो, पाटीच लावलीय आमच्या मालकीणबाईंनी, दारातून आत आलं की समोर. वाचून दाखवते. "आधी धू, मग वापर. वापरलंस की धू. कोरडं कर, मगच झाक." … साधा सौम्य साबण, कोमट पाणी. चार्जिंगचं भोक असेल तर तिथे पाणी जायला नको, खोक्यावर लिहिलेलं असतं बुडवायचं की नाही. मग कापडाच्या पिशवीत. आमच्या शिंपीणबाई पिशव्या शिवतात, छान नाडीच्या … हॅलो? ऐकताय ना? एकदम गप्प झालात.

… काय? … मालकीणबाई जेवतात का वेळेवर? … बाई, तुम्ही व्हायब्रेटर घ्यायला फोन केलाय ना? … नाही, विचारा की. जेवतात. कधी उभ्यानेच जेवतात. हो, बारीक झाल्यात थोड्या … नाही, मागच्याच खोलीत राहतात. खिडकी आहे हो खोलीला, मोठी आहे … बरं. आणखी काही?

मागच्या बाजूला? तुम्हाला? … नुसतं माहिती म्हणून. तेच, सगळे नुसतं माहिती म्हणूनच विचारतात. ऐका, तिथे जायचं ते तळाला रुंद हवं, बशीसारखं. नाहीतर आत निघून जातं आणि परत येत नाही. एक जहाजाचे कप्तान होते. सगळे समुद्र पालथे घातलेले, पण तळ बघून घ्यायचं सुचलं नाही. दवाखान्यात नेलं, ऑपरेशनच्या खोलीत घेतलं, तेवढ्यात वीज गेली. डॉक्टर म्हणाले आता कसं करायचं. तर वस्तूला आत दिवा होता, चालूच होता. त्याच्याच उजेडात … हसा, हसा. हसताना तुमचं नाक मोकळं होतं बघा.

बरं, आणि एकाचं दुसऱ्याने वापरायचं तर मध्ये धुवायचं किंवा वरून निरोध घालायचा … हो … हो … काय? त्यांच्यासाठी? यजमानांसाठी? … नको, नको, त्यांचं सविस्तर सांगू नका … अहो, बास म्हणते ना … आपलेच दात आणि … काही नाही, म्हण आठवली. एक घोट पाणी पिते.

हं. रिंग. रिंग हवीय. असते की. सिलिकॉनची घ्या, ताणली जाणारी. स्टीलची नको, अडकली तर लोहार बोलवावा लागतो. घट्ट नको. अर्ध्या तासाच्या वर नाही. गार पडलं, निळं पडलं, बधिर झालं की लगेच काढायची. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि सगळ्यात मुख्य, ती घालून झोपायचं नाही. हे तुम्ही बघायचं बरं का, त्याच्यावर सोडू नका. तो मेला बसल्या जागी घोरतो. परवा नाही का, तोंडात घास तसाच आणि याचं सुरू, मी चमचा काढून घेतला हातातला तरी पत्ता ना …

…

हॅलो?

… हॅलो, ठेवू नकोस. अगं ऐक ना. ठेवू नकोस म्हणते ना.

… हो. मीच … नाही, सत्तावीस नाही … वाचनालय कसलं? इतके दिवस जातेय, एक तरी पुस्तक आणलं का मी घरी? … नाही, तो नाही येत इथे. त्याला काही माहीत नाही … अगं, मरायचं कशाला त्यात? सुरुवातीपासून ओळखलंय तुला. दोनदा खाकरलीस … मग काय करायचं होतं मी? ओळख दाखवली असती तर तू पुढचं एक अक्षर बोलली असतीस?

… रडू नको. हे बघ. मी त्याचं लग्न लावून दिलं ते काय तुम्ही दोघांनी शेजारी बसून बातम्या ऐकायला? तुम्ही दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपता हे मला आज कळलं. वाईट वाटलं ते त्याचं वाटलं. बाकी लाजायचं असेल तर मीही लाजते तुझ्याबरोबर, घे, लाजले. झालं? आता पुढचं बोलू.

एक सांग मला. शहरात तसली दुकानं काय कमी आहेत? मोबाइलवर तर ढीग पडलाय. इथेच का केलास फोन? … हं … काय? जरा मोठ्याने … भिंगरी खोटी वस्तू देणार नाही, म्हणून.

… शिंपीणबाई, तुम्ही कशाला डोळे पुसताय? शिवा तुम्ही.

नाही, तुला नाही. अगं, हे मला नको सांगूस. हे तिला सांग … कसं म्हणजे? जसं मला सांगितलंस तसं … ती कशाला दार लावेल तुझ्या तोंडावर? रुसून घरी यायचं बंद केलंय तिने, तू इथे यायचं बंद केलंस, आणि मी मधल्या मध्ये खोटं वाचनालय चालवतेय. माझ्या वयाला शोभतं का? … ती पाटी ऐकलीस ना मघाशी? मग गप्प का झालीस? … कुणाचं वाक्य आहे ते? … बोल की. ती तान्ही असताना तिची बाटली उकळायचीस तेव्हा कोण म्हणायचं? शाळेचा डबा रात्री ओला राहिला म्हणून कोण ओरडायचं? सबंध दुकान तुझ्या त्या एका वाक्यावर चालतंय, सूनबाई. बाया येतात, पाटी वाचतात, आणि भिंगरी सगळ्यांना सांगते, माझ्या आईचं आहे … हो, सांगते … नाही, ही थाप नाही. कपाटाची थाप होती, कप्तानाची तर होतीच होती. ही नाही. शिंपीणबाईंना विचार. शिंपीणबाई, सांगा हिला … बघ, मान हलवतायत. तुला दिसत नाही, पण हलवतायत.

… घरी पाठवून दे? नाही, घरपोच बंद … जाहिरातीत असेल लिहिलेलं. आजपासून बंद. सल्लागार मी आहे. हवं तर खाज थांबली की चार दिवसांनी स्वतः ये, हातात घेऊन बघ, बटण दाबून बघ, वास घेऊन बघ. तू भाजीसुद्धा वास घेतल्याशिवाय घेत नाहीस … लोक बघतील? बघू देत. माझ्यासारखी म्हातारी काउंटरवर बसलेली बघतात, मग तुझं काय? …

थांब. घंटा वाजली … हो, तीच. पावती तोंडात धरलीय, दोन्ही हातांत रिकाम्या पिशव्या. मान वर करून बघतेय, आज घंटा स्वतःच वाजवलीय तरी … नाही, मी काही सांगत नाही. ठेवू नकोस. ठेवलंस तर मीच तिला सगळं सांगेन, आणि माझ्या पद्धतीने सांगेन, कपाट-कप्तानासकट …

भिंगरे, ये. पिशव्या टाक तिथे. गिऱ्हाईक आहे फोनवर … नाही, मला नाही जमत, तुलाच हवंय ते. चांगलं गिऱ्हाईक आहे, जुनं आहे. तू जेवतेस का विचारत होतं … हो, तूच. काय बघतेस माझ्याकडे? घे … थांब, एक मिनिट.

हॅलो. सूनबाई, देते हं तिच्याकडे. आता नाक सोड.